निम्मा उजेड

कुणी चांगली बातमी आणली की ते आधी चष्मा कपाळावर चढवत आणि म्हणत, "संदेगम आहे मा. निम्मं करून दाखीव." संदेगम म्हणजे संशय, आणि 'मा' म्हणजे पोरी.

चेन्नईतल्या आमच्या प्रयोगशाळेतले ते सर्वांत जुने तंत्रज्ञ. घराणं तंजावरचं, मराठी जुन्या वळणाची आणि तमिळ हेलातली. मी सांगलीहून नुकतीच आलेली. सगळे त्यांना 'सार', म्हणजे सर, म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले.

निम्मं करणं ही त्यांची साऱ्या जगासाठीची परीक्षा. कँटीनवाल्यानं कॉफीची तारीफ केली की ते पेल्यात निम्मं गरम पाणी ओतायला लावत. "खरी डिकॉक्शन, घट्ट काढा असेल तर पाण्यातपण कळंल." बहुधा कळत नसे. मग ते मोठ्या समाधानानं ते पाणी पीत.

माझ्यावरही त्यांचा विश्वास नव्हता. प्रयोगाच्या टेबलावरच्या आरशांच्या स्क्रूंवर ते लाल नेलपॉलिशची खूण करून ठेवत, मी हात लावला तर कळावं म्हणून. नेलपॉलिश बायकोचं, असं सांगत. मला त्याचाही संशय यायचा.

आमचं काम थोडक्यात सांगते. फार मंद प्रकाश वाचायचा तर तो वाढवावा लागतो, आणि वाढवणारं यंत्र त्यात स्वतःची खरखर मिसळतं. जुन्या रेडिओचा आवाज वाढवावा तसंच. पण लाटेचं एक अंग वाढवलं आणि दुसरं दाबलं, तर ती खरखर टाळता येते. कागदावर येते, टेबलावर आणायला मला अडीच वर्षं पुरली नव्हती. शिष्यवृत्ती संपत आली होती. निकाल लागला नाही, तर मला संशोधन सोडून, माझी रूममेट नोकरी करायची त्या श्रीपेरुंबुदूरच्या कंपनीची बस धरावी लागणार होती.

आणि एका शुक्रवारी पडद्यावरची खरखरीची रेघ धाडकन खाली आली. माझ्या गाइड मॅडम खूश झाल्या, सोमवारी पेपर पाठवायचं ठरलं. सारांनी मात्र चष्मा कपाळावर चढवला.

सोमवारी मी जेवून परतले तर सार माझ्या टेबलाशी उभे, आणि किरणाच्या वाटेत एक काळपट काच. माझं डोकंच फिरलं.

"सार, तुम्हाला कुणाचं चांगलं बघवतच नाही का?"

त्यांनी शांतपणे पडद्याकडे बोट केलं. "उजेड निम्मा केला मा. खरखर पण निम्मी व्हावी की नको? हललीच नाही बघ. तुझा डिटेक्टर जास्त उजेडानं सुस्तावलाय. त्याला खरखर ऐकूच येईना, म्हणून शांत वाटतंय."

मी काच काढली, घातली, पुन्हा काढली. रेघ जागची हलली नाही. त्या बहिऱ्या शांततेलाच आम्ही यश समजलो होतो.

"मॅडमना सांगितलंत?"

"मी का सांगू? तुझा प्रयोग. तूच सांग."

मी सांगितलं. मॅडमनी पेपर थांबवला आणि मला सहा महिने वाढवून दिले. सारांनी ती काच माझ्या खणात टाकली आणि त्या दिवसापासून स्क्रूंवरच्या खुणा बंद झाल्या. मला ते कळायला आठवडा लागला.

मुदत संपायच्या आत रेघ खरंच उतरली. इतकी थोडी की तिरकं होऊन बघावं लागे. तोवर सार आजारी पडून इस्पितळात होते. मी छापील आलेख घेऊन गेले. वाटभर त्यांचे प्रश्न आणि माझी उत्तरं तयार करत होते.

त्यांनी आलेख छातीवर ठेवला. चष्मा उशाशीच होता, त्यांनी तो उचललाच नाही. "बरं झालं मा," एवढंच म्हणाले.

मी घाबरले. "सार, निम्मं केल्यावरचा आलेखही आणलाय. दाखवू?"

"नको. तू केलंच असशील."

त्या महिन्यातच ते गेले. मी अजून प्रकाशावरच काम करते, ती काच अजून माझ्या खणात आहे. 'तू केलंच असशील' हे त्यांनी माझ्यावरच्या विश्वासानं म्हटलं की नुसतं थकून, हे मात्र निम्मं करून बघायची हिंमत मला कधी झाली नाही.