भांडता येऊ लागलं

निपाणीला माहेरी परत आले तेव्हा माझा डावा हात प्लास्टरमध्ये होता. चिकोडीजवळच्या एका गावात मला दिलं होतं. तिथं चार वर्षं काढली. नवरा बाहेर जाताना दाराला बाहेरून कडी लावायचा आणि आल्यावर काहीतरी कारण काढून मारायचा. हात मोडला त्या दिवशी अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, आला. त्यानं मला आधी दवाखान्यात नेलं, मग घरी. वाटेत त्यानं एकही प्रश्न विचारला नाही. त्याचे आभार मी कधी तोंडानं मानले नाहीत, म्हणून इथं लिहिते.

पुढं दोन वर्षं मी फारशी कुणाशी बोलत नव्हते. दुपारी आई आडवी झाली की मोबाइलवर प्रेमकथा वाचायचे. त्यातला नायक देखणा, श्रीमंत आणि भयंकर रागीट असायचा. नायिकेला बंगल्यात कोंडायचा, तिचं मनगट पिरगाळायचा आणि चाळिसाव्या भागात रडून तिची माफी मागायचा. वाचताना लाज वाटायची, तरी सोडवत नव्हतं. आता कळतं, मी त्या माफीसाठीच वाचत होते. माझी कुणी मागितलीच नव्हती. मग मीही तशीच एक कथा लिहून तिथंच भागाभागानं टाकू लागले. वाचणाऱ्याही मिळाल्या.

कोर्टातून घटस्फोट मिळाल्यावर बेळगावचं स्थळ आलं. माणूस उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत, लोखंड ओतायच्या कारखान्यात, कामाला. पहिली बायको आजारानं गेलेली. बघायला आला तेव्हा मी त्याला सगळं सांगून टाकलं. तो मान खाली घालून ऐकत राहिला. मग म्हणाला, "मला सैपाक येतोय. राग बी येतोय. पर हात उचलत न्हाय."

एवढ्या भरवशावर मी लग्न केलं.

एक गोष्ट मात्र त्यानं सांगितली नव्हती. यंत्रांच्या आवाजात वर्षं गेल्यानं त्याला कमी ऐकू यायचं, त्यामुळं घरातही तो ओरडूनच बोलायचा. तिसऱ्याच दिवशी स्वयंपाकघराच्या दारात येऊन त्यानं विचारलं, "चहा ठेवतीस काय गं?" माझ्या हातातलं पातेलं पडलं. मी दोन्ही हात डोक्यावर घेऊन ओट्याखाली बसले.

तो पुढं आला नाही. दाराशीच जमिनीवर बसला. बऱ्याच वेळानं हळू म्हणाला, "मी हितंच हाय. तू म्हणशील तवा उठतो."

त्याच आठवड्यात तो कान तपासून आला. दोस्त हसतील म्हणून इतकी वर्षं त्यानं कानाचं मशीन टाळलं होतं. ते लावून घरी आला आणि इतकं हळू बोलला की मलाच विचारावं लागलं, "काय म्हणालात?" त्या घरात मी पहिल्यांदा हसले.

पुढं एकदा त्यानं माझी कथा वाचायला मागितली. दोन रविवार लावून सगळे भाग वाचले. म्हणाला, "तुजा हिरो लई मोठा माणूस हाय. पर तिला काय पायजे, ते एकदा बी इचारत न्हाय."

मला राग आला. "अहो, कथा आहे ती. वाचणाऱ्यांना तसंच आवडतं."

"असंल. पर तुला आवडतंय व्हय?"

पंधरा दिवस मी काही लिहिलं नाही. मग पुढच्या भागात माझी नायिका बंगल्यातून निघून गेली. नायकानं माफी मागितली, पण तिनं त्याला माफ केलं नाही. बऱ्याच वाचणाऱ्या नाराज झाल्या, काहींनी वाचणं सोडलं. एका अनोळखी बाईनं मात्र लिहिलं, "ताई, ती बाहेर पडली तेव्हा मी रडले. थांबू नका." मी थांबले नाही.

गेल्या दिवाळीच्या आधी घराचं रंगकाम काढलं. लग्नानंतर मला जवळच्या शाळेत शिकवायचं काम मिळालं होतं; मी तिकडं गेले होते, तेवढ्यात त्यानं स्वयंपाकघर भडक गुलाबी करून घेतलं. परत आल्यावर मी बघतच राहिले आणि मग जी सुरू झाले! तोही चिडला. "दिसभर रंगाऱ्याजवळ हुबा हाय मी, अन् तू वर बोलतीस?" त्याचा आवाज चांगलाच चढला. मीही सोडलं नाही. शेजारच्या आक्का खिडकीतून डोकावल्या. आणि भांडता भांडता माझ्या लक्षात आलं, मी त्याच्यासमोर सरळ उभी आहे आणि माझे हात कमरेवर आहेत.

दुसऱ्या दिवशी आईला फोन केला. "आई, काल आमचं लई भांडण झालं."

आईचा आवाज एकदम बारीक झाला. "मारलं काय गं त्यानं?"

"न्हाय गं. उलट मीच जास्त वरडले."

पलीकडून तिनं नाक ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "बरं झालं. जेवलीस का न्हाय मग?"

"जेवलो की. दोघं बी."