सांबारवडीचे डबे

मी आयुष्यात एकदाच दुकान चालवलं, तेही एका संध्याकाळपुरतं, आणि ते बुडवलं. माल शिल्लक राहिला असं नव्हे. माल तासाभरात संपला, लोक बोटं चाटत गेले, फक्त गल्ला भरायचा राहून गेला. ही गोष्ट मी घरात सांगायला बसलो की बायको स्वयंपाकघरातून दुरुस्त्या पाठवत असते. आज ती भाजीला गेली आहे, म्हणून घाईघाईने लिहून काढतो.

भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात होतं आणि मी स्टील प्लांटच्या टाइम ऑफिसात क्लार्क होतो. कोण कधी आत गेलं, कोण कधी बाहेर पडलं, कोण आलंच नाही, याची नोंद ठेवायची, हे माझं काम. सेक्टर सहामध्ये दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. आमच्याकडे माणसाचा पगार विचारावा लागत नसे, त्याच्या क्वार्टरच्या खोल्या मोजल्या की झालं. त्या हिशेबाने मी जगातल्या बहुतेक सगळ्यांना ‘सर’ म्हणत असे.

तिथल्या मराठी बायकांचं एक मंडळ होतं. हळदीकुंकू, भजन, कोजागिरी, असं चालायचं. मग कुणाच्या तरी मनात आलं आणि मंडळाने कुरुदला एक बालवाडी चालवायला घेतली. कुरुद तेव्हा गावच होतं; डांबरी रस्ता संपला की स्कूटर उंटासारखी चालायला लागायची. तिथली आईबापं उजाडताच मजुरीला निघून जायची आणि पोरं उपाशीपोटी बालवाडीत यायची. पाटीवर ‘क’ गिरवता गिरवता भिंतीला टेकून झोपून जायची. बालवाडीच्या बाईंना आधी वाटलं, पोरं आळशी आहेत. मग एक दिवस त्यांनी घरून मुरमुरे नेले आणि कोणी झोपलं नाही. त्यानंतर मंडळाने तिथे दुपारची खिचडी सुरू केली.

खिचडी बघायला जायची पाळी ठरलेली असे. बायकोची पाळी शनिवारी. माझी पाळी रोजचीच, कारण स्कूटर माझी.

असंच एका शनिवारी खिचडी वाढून झाली आणि एक चिमुरडी ताट चाटून पुसून बायकोसमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "इतवार काबर होथे?"

बायकोला कळेना. बाईंनी पदराने भांडं पुसायला घेतलं आणि खाली मान घालूनच सांगितलं, "रविवार कावून येतो, कशाले येतो, असं विचारते, दीदी. रविवारी खिचडी नसते ना."

बाईंनी तेव्हाच दुसरीही गोष्ट सांगितली. कोठीतलं धान्य महिनाअखेरपर्यंत पुरेल, पुढे काय करायचं? बायको पटकन बोलून गेली, "बंद नाही होणार. संक्रांतीच्या मेळ्यातून होते की नाही पाहा. माझा शब्द आहे."

परत येताना पावर हाउसला रेल्वेचं फाटक पडलं होतं. मालगाडी संपता संपेना. मागून बायको म्हणाली, "काबर म्हणजे आपलं कावूनच की हो."

"हं," मी म्हटलं.

"हं काय? शब्द देऊन बसली मी. तुमाले काही वाटते का?"

वाटत होतं, पण फाटक उघडलं.

मेळ्यात बायकांनी घरचे पदार्थ करून विकायचे आणि जमेल तो पैसा खिचडीला द्यायचा, असं ठरलं होतं. सगळी भिस्त होती बायकोच्या सांबारवडीवर. सांबार म्हणजे आमच्या नागपूरकडची कोथिंबीर. थंडीत ती जुडीजुडीने यायची. सुकं खोबरं, तीळ, खसखस घालून तिचं सारण करायचं, बेसनाच्या पारीला आतून चिंचगुळाचं बोट फिरवायचं, सारण भरून दुमडायचं आणि तळायचं. सोबत कढी. बेसन आणि तेल मंडळाने दिलं होतं, म्हणजे जबाबदारी आणखी वाढली. दोन दिवस आमच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. तळलेल्या वड्या ठेवायला लग्नातले सगळे स्टीलचे डबे माळ्यावरून खाली आले. प्रत्येकावर बायकोचं माहेरचं नाव कोरलेलं. सासूबाईंनी दिलेला सगळ्यात मोठा डबा तर पाच माणसांच्या पोळ्या मावतील एवढा.

मंडळाच्या अध्यक्षीणबाई पुण्याकडच्या होत्या. त्या बोलायला लागल्या की आम्ही सगळे आपोआप ताठ बसायचो. मेळ्याच्या आधी त्यांनी गल्ल्यावर बसणाऱ्या नवऱ्यांना एकत्र उभं केलं.

"हे पाहा, आज इथे ओळख चालणार नाही. साहेब असोत, व्याही असोत, आधी पैसे आणि मग वडी. समजलं?"

सगळ्यात जोरात मान मी हलवली.

पहिलं गिऱ्हाईक म्हणून आमचे साहेब आले. सहकुटुंब. साहेबांनी खिशात हात घातला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, आप से पैसे? घर की बात है सर!" साहेब थोडे घुटमळले. मी बिस्किटाच्या डब्याचं, म्हणजे आमच्या गल्ल्याचं, झाकण दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं. मागून साहेबांच्या म्हाताऱ्या आईसाठी चार वड्या बांधून द्यायची गोष्ट निघाली. कागद संपला होता. मी सासूबाईंचा मोठा डबाच उचलून दिला. "डब्यासकट घेऊन जा सर!" असं मी म्हटल्याचं बायको सांगते. मला तेवढं आठवत नाही, पण माझ्यासारखंच वाटतं.

मग काय, वाट मोकळी झाली. थोरलीच्या जन्माच्या वेळच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांच्याकडून पैसे घ्यायचे? शाळेत आमच्या पोरीला पहिल्या बाकावर बसवणाऱ्या मास्तरीणबाई आल्या. मला लोनचा फॉर्म भरून देणारे आले. आता खरं सांगायचं तर एकट्या माझीच चूक नव्हती. शेजारच्या वहिनी आल्या, ज्यांच्या घरच्या बुद्धपौर्णिमेच्या खिरीची आम्ही वर्षभर वाट पाहायचो. त्यांनी नोट पुढे केली तर कढीचा डाव हातात धरून बायकोच म्हणाली, "अहो, त्यांच्याकडून कावून घेऊन राहिले? ठेवा हो वहिनी, ठेवा! आणखी एक घ्या. तुम्ही खाल्लंच नाही काही."

आमच्याकडे खाऊ घालताना माणसाला एकच भाषा येते, आग्रहाची. त्यात पैशाचं वाक्यच बसत नाही. बाजूला छोल्याच्या स्टॉलवर एक सरदारीणबाई मोठमोठ्याने दाम सांगत होत्या आणि लोक खुशीने देत होते. माझ्यासमोर रांग सर्वांत मोठी होती आणि मी रांगेतल्या एकेकाला नुसता नमस्कार करत होतो. कागद नव्हताच, म्हणून घरी न्यायच्या वड्याही मी डब्यासकटच देत गेलो; माल संपला तेव्हा डबेही संपले होते.

मेळा उठला. अध्यक्षीणबाई एकेक गल्ला उघडत आमच्यापर्यंत आल्या. आमच्या बिस्किटाच्या डब्यात काही सुट्टी नाणी होती, दोन चुरगळलेल्या नोटा होत्या आणि शर्टाचं एक बटण होतं. त्यांनी बटण उचलून पाहिलं.

"हे कुणाचं?"

"माझंच असेल," मी म्हटलं.

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "बेसन संपलं ना सगळं?" आणि पुढे गेल्या.

बाकीच्या स्टॉलांवर जे जमलं त्यात मंडपाचा खर्च निघाला आणि खिचडीचे जेमतेम थोडे दिवस. घरी आल्यावर बायकोने रिकामी कढई मोरीत ठेवली आणि तिथेच पाटावर बसली.

"बरं आहे, प्लांटातलं लोखंड तुमाले विकाले नाही देत," ती म्हणाली. मला हसू आलं, पण तिला नव्हतं आलं. "मी त्या बाईले काय सांगू आता? आणि त्या पोरीले? रविवारच रविवार येतील म्हणून सांगू?"

मी बटण शिवायला घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून डबे परत येऊ लागले. आता शेजारणीचा डबा रिकामा परत करायचा नसतो, हे आमच्याकडे कोणी कोणाला शिकवत नाही. त्यात काहीतरी घालायचंच, मग चिमूटभर साखर का होईना. त्यामुळे एका डब्यातून तिळाचे लाडू आले, एकातून गुलाबजाम, एकातून लिंबाचं लोणचं. मी दुःखात होतो, तरी लाडू खात होतो. बायको प्रत्येक वेळी डबा उघडायची, बंद करायची आणि फळीवर ठेवायची.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या वहिनी आल्या. त्यांनी डबा ओट्यावर ठेवला तो जड आवाज करत.

"गोडधोड इतकं कोण खाते," त्या म्हणाल्या. "तांदूळ टाकले मी. तुमच्या त्या खिचडीले होतील."

बायकोने झाकण उघडलं. डबा काठोकाठ भरलेला. तिने तांदळात हात घातला आणि तसाच ठेवला. मग माझ्याकडे वळली.

"अहो, कोणता डबा कोणाकडे गेला, आठवते का तुमाले?"

आठवतं का! माणसं हजर-गैरहजर मांडण्यातच माझं आयुष्य चाललं होतं. मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे यादी लिहून काढली. कडीचा डबा मास्तरीणबाईंकडे, गोल झाकणाचा डॉक्टरीणबाईंकडे, पोचा पडलेला ब्लॉकच्या टोकाला. कितीतरी डबे अजून गैरहजर होते.

"तुम्हीच जा," बायको म्हणाली. "तुम्ही वाटले ना? सांगा सगळ्याईले, डबा द्याल तर लाडू नका भरू. डाळ भरा नाहीतर तांदूळ भरा. कुरुदच्या लेकराईले पाहिजे."

मी निघालो तो मारून मुटकून. पण गंमत पाहा. ज्या तोंडातून पैशाचा शब्द निघत नव्हता, त्याच तोंडातून डाळ-तांदूळ सहज निघाले. आणि समोरच्यांनाही बरं वाटत होतं. मास्तरीणबाई म्हणाल्या, "मी तर दोन दिवस विचार करून राहिली, काय भरू म्हणून!" डॉक्टरीणबाईंनी डबा भरला आणि वर एक पिशवीही दिली. कोणी मूग, कोणी मसूर, कोणी शेजारणीला हाक मारून तिच्याकडचे तांदूळही मिळवून दिले. स्कूटरच्या पुढच्या जागेत पोती उभी राहायला लागली. घरी आल्यावर मी यादीत एकेका नावापुढे हजेरीची खूण करत होतो.

शेवटी एकच डबा उरला, सासूबाईंचा. साहेबांच्या बंगल्याला मी स्कूटरवरून दोन चकरा मारल्या. तिसऱ्या चकरेला साहेब फाटकाबाहेरच येऊन उभे राहिले.

"अरे भाई, अंदर आओगे कि चौकीदारी करोगे?"

मी आत गेलो आणि एका दमात सगळं सांगून टाकलं, खिचडी, बटण, बायको, सगळं. साहेब ऐकत होते.

"उस दिन आपने पैसे क्यों नहीं लिए?" त्यांनी विचारलं. "सबके सामने मैं जेब में हाथ डालकर खड़ा रहा. घर आकर मेरी माँ ने पूछा, बच्चों के नाम की चीज़ मुफ़्त में खाकर आए?"

मी त्यांचा मान ठेवला असं समजत होतो. त्या माणसाला आईची बोलणी खावी लागली होती. मॅडमनी आतून डबा आणला. पाच माणसांच्या पोळ्यांच्या डब्यात तुरीची डाळ गच्च भरली होती. "रोज सोचती थी, खाली कैसे भेजूँ," त्या म्हणाल्या. मागून माळ्याने तांदळाचं पोतं आणून माझ्या स्कूटरवर बांधलं. स्कूटर मागे बसली आणि पुढचं चाक हलकं झालं. मी घरापर्यंत ढकलतच नेली.

त्या वर्षी कोठीतलं धान्य उन्हाळी सुट्टीपर्यंत पुरलं. दुसऱ्या वर्षीपासून अध्यक्षीणबाईंनीच सांबारवडीच्या स्टॉलवरचा गल्ला उठवला. वडी डब्यातून न्यायची आणि डबा डाळ-तांदळाने भरून परत आणायचा. "तुमच्या यजमानांना मात्र यादीवरच बसवा," असं त्यांनी बायकोला बजावून सांगितलं होतं.

पण त्या पहिल्या वर्षाचं एक राहिलं. धान्य जास्त आलं तेव्हा बायको म्हणाली, रविवारचीही खिचडी करू. बाईंना रविवारी सुट्टी हवीच. मग करणार कोण? बायकोने माझ्याकडे पाहिलं. पैसे बुडवणाऱ्याने निदान पळी तरी हलवावी, असं तिचं म्हणणं पडलं.

पहिल्या रविवारी मी कुरुदला भल्या मोठ्या पातेल्यासमोर उभा राहिलो. चूल माझं ऐकत नव्हती. खिचडी वरून कच्ची होती आणि खालून लागली होती. जळका वास थेट रस्त्यापर्यंत गेला असावा. पोरं मात्र ओळीने बसली. ती चिमुरडी सगळ्यात पुढे. तिने ताट संपवलं, दुसऱ्यांदा पुढे केलं, तेही संपवलं. मग बोटाने ताटाच्या कडेचं करपलेलं खरवडत माझ्याकडे वर पाहून तिने विचारलं,

"सोमवार कब आही?"