आत्याला खड्डे हवेत

आमच्या घरापासून पंख्यांच्या कारखान्यापर्यंतचा रस्ता मला तोंडपाठ आहे. तोंडपाठ म्हणजे खरोखर तोंडाने. टण्! हे गल्लीच्या टोकाचं गटाराचं झाकण. मग धब्ब, जरा थांबून परत धब्ब. हे बेकरीसमोरचे दोन स्पीडब्रेकर. डुगू, डुग्गू, डुगू. पोस्टाबाहेरच्या म्हाताऱ्या झाडाने मुळांनी डांबर उचललंय, ते. मग पूल. टक्... टक्... टक्... टुक्... पुलाला सात सांधे आहेत आणि त्यातला चौथा जरा बोबडा आहे. पुढे रेल्वे फाटकाची दाणादाण, आणि शेवटी कारखान्याच्या दारातली लोखंडी पट्टी. खण्ण. आलं.

हे मी करून दाखवलं की सगळे हसतात. आत्या हसत नाही. ती कान तिरका करून ऐकते आणि म्हणते, "मुळांत घाई केलीस, मैने. मधलं मूळ मोठं आहे, तिथे श्वास घे."

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. बावीस वर्षांची होती तेव्हा तिला दिसायचं बंद झालं. एकदम नाही. "घर झोपताना कसं एकेका खोलीतला दिवा मालवत येतात, तसं," असं ती सांगते, आणि लगेच विचारते की आमटीत मीठ जास्त नाही ना झालं. आता ती छप्पन्नची आहे. आमच्या पुढच्या खोलीत राहते, स्वतःची इस्त्री स्वतः करते आणि रेडिओला कुणी हात लावलेला तिला अजिबात खपत नाही.

कारखान्यात ती पंखे ऐकते. नोकरीच आहे तशी. चारी भिंतींना जाड फोम लावलेली कपाटाएवढी खोली, त्यात एक टेबल. पंखा आणून ठेवतात, बटण दाबतात. आत्या त्याच्या बुडाला दोन बोटं टेकवते. "पास." पुढचा. "पास." पुढचा. "बेअरिंग." पुढचा. "ह्याचं एक पातं जड आहे, परत पाठवा." त्यांचे फोरमन नाकातून बोलतात आणि प्रत्येक वाक्य घसा खाकरून सुरू करतात. ते म्हणतात, "अह्हं, मशीन आणलं होतं ना आम्ही. अह्हं, ते बिघडलंय, हे बाईंनीच ऐकून सांगितलं."

बाबा पाणी शुद्ध करण्याच्या केंद्रात कामाला आहेत, ते कारखान्याच्या पुढे आहे. म्हणून रोज सकाळी आत्या बाबांच्या गाडीतून जाते. सत्तावीस वर्षं. आणि ह्या प्रवासाचं तिचं एक वेळापत्रक आहे, घड्याळाचं नव्हे, रस्त्याचं. झाकणापाशी ती केसांवरून हात फिरवते. बेकरीपाशी काच दोन बोटं खाली करते, पावाच्या वासासाठी. मुळं संपली की रुमाल पर्समध्ये. पुलाच्या पाचव्या सांध्याला ओळखपत्र गळ्यात. फाटकानंतर घडीची काठी उघडायला घ्यायची, चट्, चट्, चट्, आणि पट्टीवर खण्ण होतं त्या क्षणी तिचा हात दाराच्या कडीवर असतो. गाडी थांबते, आत्या उतरते. कुणी हात द्यायचा नाही. "कुठे आलो?" हा प्रश्न तिने सत्तावीस वर्षांत विचारलेला नाही. एकदाही.

गाडीत तिच्या शेजारी बसून मी पुष्कळदा डोळे मिटले आहेत. मग हळूहळू गाव बदलतं. तिच्या गावात बेकरीसमोर अजून थिएटर आहे, कारण ते पाडलं तेव्हा तिला दिसत नव्हतं. आमच्या गावात तिथे पार्किंग आहे. तिच्या पुलाचे कठडे हिरवे आहेत, आमचे पिवळे-काळे. तिच्या पोस्टाबाहेरचं झाड माणसाच्या खांद्याएवढं आहे, आणि तरीही त्याच्या मुळांनी गाडी उडते. "एवढंसं झाड आणि काय ही मिजास!" ती म्हणते. दोन्ही गावं एकावर एक पसरलेली असतात, पातळ कागदासारखी, आणि गाडीला बसतात ते धक्के म्हणजे त्यांना एकत्र धरणाऱ्या टाचण्या. डोळे उघडले की तिचं गाव विझतं. तिचं मात्र चालूच असतं, पुढे, फाटकापर्यंत, दारापर्यंत.

तर ही गाडी म्हातारी झाली. तळाला भोक पडलं आणि त्यातून पळणारा रस्ता दिसायला लागला. मेकॅनिकने खाली वाकून बघितलं आणि वर येऊन हात पुसत म्हणाला, "साहेब, शॉकअप मरून जमाना झाला. ही गाडी नाही राहिली आता. खलबत्ता आहे. आत माणसं कुटायची."

बाबांचा चेहरा खुलला. कारण ह्या खलबत्त्यात रोज कुटली जात होती ती त्यांची पाठ. कमरेच्या मणक्यात काहीतरी सरकलंय, ते पट्टा बांधतात, आणि प्रत्येक धक्क्याला त्यांच्या तोंडून "आई गं" निघतं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "धक्के टाळा." बाबा त्यांना म्हणाले होते, "धक्के मी कुठे शोधत जातो हो?"

शनिवारी सकाळी आम्ही शोरूममध्ये गेलो. बाबा, आत्या आणि मी. आई म्हणाली, "तुम्ही ठरवा, मी रंग सांगेन." विकणारा पोरसवदा, टाय लावलेला, आणि वाक्याचा दरवाजा एकाच चावीने उघडणारा. त्याचं नाव मी तिथल्या तिथे म्हणजे-कसं ठेवलं.

"सर, आपल्याला ह्या छोट्या गाडीत सस्पेन्शन निवडता येतं. म्हणजे कसं, हे स्टँडर्ड. म्हणजे कसं, गादी! खड्डा आला तरी तुम्हाला कळणार नाही. आणि हे स्पोर्ट. म्हणजे कसं, स्प्रिंगा कडक, गाडी जरा खाली, वळणावर अशी चिकटून जाते. पण रस्त्यावरचं सगळं आत येतं. ते यंग लोक घेतात."

"गादी," बाबा लगेच म्हणाले. "गादीच दाखवा."

"आमच्या नेहमीच्या रस्त्याने नेऊन बघू या का?" आत्या म्हणाली.

बाबा चालवायला, म्हणजे-कसं त्यांच्या शेजारी, मागे आत्या आणि मी. काचा बंद, एसी चालू. आधी आमच्या गल्लीत गेलो आणि तिथून निघालो. झाकण आलं की नाही, मला कळलं नाही. बेकरीपाशी कुणीतरी उशीवर हलकेच बुक्की मारावी तेवढं झालं. बाबांनी "आई गं"साठी तोंड उघडलं, आणि ते तसंच उघडं राहिलं. "अरे वा!"

मुळं आलीच नाहीत. गाडी होडीसारखी तरंगत होती. बाहेर सगळं पाण्याखाली असल्यासारखं, माणसं, सायकली, कुत्री, आणि म्हणजे-कसंचा आवाज एकसुरी वाहतोय. माझेही डोळे जड झाले. आत्या ताठ बसली होती. तिचा अंगठा पर्सवर, बोटांच्या पेरांवरून सरकत होता. एक, दोन, तीन. मग थांबला. परत पहिल्या पेरावर आला, तिथेच राहिला. जरा वेळाने तिने ओळखपत्र गळ्यात घातलं, अंदाजाने.

पूल उतरल्यावर फाटकाच्या अलीकडे एक सिग्नल आहे. तो लाल होता. गाडी थांबली.

चट्, चट्, चट्. दार उघडलं. आत्या उतरली.

रस्त्याच्या मधोमध! डावीकडून स्कूटर आली, हॉर्न किंचाळला, तिच्या पर्सला घासून गेली. "ताई!" बाबा ओरडले, आणि पाठ विसरून असे फिरले की पट्टा सुटला. मी तिचा दंड धरला. आत्या एका हातात दार आणि एका हातात काठी घेऊन उभी होती. चेहरा कारखान्याच्या दाराकडे असावा तसा, जरा वर उचललेला. पण समोर फक्त एका ट्रकचं मागचं चाक होतं.

"आलं ना?" ती म्हणाली.

तिच्या तोंडून तो शब्द प्रश्न होऊन आलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. मला त्याची नक्कल करता येईल. केली नाही कधी.

तिला आत घेतलं. मागचे सगळे भोंगे एकदम बोंबलत होते. "ताई, झोपलीस की काय!" बाबा पट्टा परत बांधत म्हणाले.

"हो रे छोट्या." बाबा बावन्न वर्षांचे आहेत. "डुलकी लागली. इतकी मऊ गाडी!"

"म्हणजे कसं मॅडम, कम्फर्ट!" म्हणजे-कसं खूश झाला. "आमचे कस्टमर झोपतातच!"

शोरूममध्ये चहा-बिस्किटं आली, फॉर्म आला. सस्पेन्शनच्या ओळीवर दोन चौकोन होते. बाबांचं पेन पहिल्या चौकोनावर होतं. "ताई, मऊच घेतो ना?"

"मऊच घे. पाठीचं आधी बघ." आत्याने बिस्किट उचललं, बशीत परत ठेवलं, परत उचललं.

ती झोपली नव्हती. हे मी कसं सांगायचं? ती समोरच बसलेली. म्हणून मी डोळे मिटले आणि जुनी गाडी सुरू केली. टण्. धब्ब, धब्ब. डुगू, डुग्गू, डुगू, मधे श्वास घेऊन. बाबांचं "आई गं" जिथल्या तिथे. टक्, टक्, टक्, टुक्. खण्ण, आलं. शोरूममधले दोन-चार लोक वळून हसले. बाबाही हसले. मग मी नवी गाडी केली.

"हूँऽऽऽऽऽऽऽऽऽऽऽऽऽ."

एवढंच. दमेपर्यंत. हूँ संपला तेव्हा बाबा हसत नव्हते. त्यांनी पेन खाली ठेवलं होतं.

"ताई, खरं सांग. डुलकी लागली होती?"

आत्याने बिस्किटाचा तुकडा मोडला. "नाही."

"मग?"

"पूल पुरता आलाच नाही, छोट्या. तीन सांधे मोजले, पुढचे सापडेनात. म्हटलं, गिळले असतील गाडीने. मग गाडी थांबली. म्हटलं, पट्टीसुद्धा गिळली असेल."

"विचारायचंस ना मग! मी काय परका आहे?"

"आज विचारलं की उद्या विचारायचं," आत्या म्हणाली. "मग रोज. मग तू आपणहून सांगणार. मग हात धरून उतरवणार. मी नेऊन सोडायचं सामान होणार." आणि लगेच, दुसऱ्याच आवाजात, "पण तुझी पाठ आहे रे. मी शिकेन विचारायला."

बाबांनी फॉर्म बाजूला सारला. मग म्हणजे-कसंला म्हणाले, "ती दुसरी काढा. तुम्ही चालवा, मी मागे बसतो."

त्यांनी मागे आत्याशेजारी बसून डोळे मिटले. घट्ट, लहान मुलं लपाछपीत मिटतात तसे. मी पुढे बसले. गल्लीच्या टोकाला ठप्प झालं.

"बेकरी!" बाबा म्हणाले.

"झाकण," आत्या म्हणाली.

"आई गं! हा, ही मुळं."

"ही बेकरी. पहिला स्पीडब्रेकर. थांब, दुसरा आहे."

"आई गं!"

"बरोब्बर."

मुळांत बाबांना पूल लागला. पुलावर फाटक लागलं. आत्या हसायला लागली, आधी नाकात, मग उघड. "छोट्या, तू ह्या रस्त्याने सत्तावीस वर्षं गाडी चालवतोयस ना?"

"मी बघून चालवतो!" बाबा डोळे मिटूनच चिडले. "आता बोलू नकोस, मला मोजू दे." आणि मग ते खरंच गप्प झाले. टक्. टक्. मी आरशात बघत होते. दोघांचे अंगठे पेरांवरून सरकत होते, एका वेळी, एका लयीत. टुक्. दोन चेहरे सारखेच वर उचललेले. बाबा काय बघत होते कुणास ठाऊक. कदाचित हिरवे कठडे.

खण्ण झालं नाही, ठण्ण झालं. पण आत्याचा हात कडीवर होता.

बाबांनी दुसऱ्या चौकोनात खूण केली. म्हणजे-कसं म्हणाला, "सर, म्हणजे कसं, तुमची पाठ..." बाबा म्हणाले, "म्हणजे कसं, पाठीला उशी लावता येते. ती काय ताईच्या कानाला लावायची?" घरी आईने सगळं ऐकून घेतलं, कपाळाला हात लावला आणि घोड्याच्या खोगिराला लाजवेल अशी एक उशी शिवली. गाडीचा रंग तिने राखाडी सांगितला. त्यावर मात्र आत्या म्हणाली की लाल घ्या, मला काय ते लालच वाटणार आहे. लाल घेतली.

पहिले चारेक आठवडे अवघड गेले. रस्ता तोच, पण गाडीची बोली दुसरी. मुळांचं डुगू जाऊन दग्, दग्ग्, दग् आलं. रुमाल कधी पुलावर पर्समध्ये गेला, ओळखपत्र फाटकापर्यंत राहिलं. बाबांना राहवत नसे, "ताई, आता पो—" की आत्या म्हणे, "छोट्या, गप्प. ऐकू दे." रोज संध्याकाळी ती मला नवे आवाज सांगायची आणि मी ते तोंडात बसवायची. पाचव्या आठवड्यात एका मंगळवारी रुमाल मुळांपाशीच आत गेला. त्या दिवशी आत्याने काही सांगितलं नाही. बाबांनी सांगितलं, घरात शिरता शिरता, चपला काढायच्या आधी.

बाबांची पाठ आहे तशीच आहे. उशी, पट्टा आणि "आई गं". आत्या म्हणते, राहू दे, तुझ्या "आई गं"वरूनही मला रस्ता कळतो.

परवा मी त्यांच्याबरोबर गेले होते. पूल आला. बाबांनी वेग आपोआप कमी केला, हल्ली करतात. टक्, टक्, टक्, टुक्.

"ताई," बाबा म्हणाले, "हा चौथा वेगळा वाजतो गं. आतली पट्टी जरा उचललीय वाटतं. तक्रार देऊ का बांधकाम खात्याकडे?"

"खबरदार!" आत्या म्हणाली. "दुरुस्त करून टाकतील."

पाचव्या सांध्याला तिने ओळखपत्र गळ्यात घातलं.