सुकल्यावर सांगतो

आमच्या ह्यांना तुम्ही काहीही विचारा, उत्तर एकच : ठीक. भाजी कशी झालीय? ठीक. मुलीचं सासर कसं वाटलं? ठीक. एकदा शिडीवरून घसरून गुडघा फोडून घरी आले, रक्त चपलेपर्यंत ओघळलेलं. मी किंचाळले, तर म्हणतात कसे, "ठीक आहे गं, जरा खरचटलंय." लग्नाआधी मला बघून गेल्यावर ह्यांनी घरी काय सांगितलं, असं मी सासूबाईंना एकदा विचारलं होतं. त्यांनी विषय बदलला.

मी बस स्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसते. समोरच्याचा प्रश्न पुरा व्हायच्या आत फलाट सांगून मोकळी होते. घरीही तेच. ह्यांना कोणी काही विचारलं की उत्तर माझ्या तोंडून बाहेर पडतं. एकाने बोलायचं आणि एकाने रंगवायचं, अशी आमच्या संसाराची वाटणी झालेली होती आणि दोघांचीही तक्रार नव्हती.

कारण हे रंगारी आहेत. त्यातही छताचे. छत रंगवायचं म्हणजे मान मागे टाकून तासन्‌तास उभं राहायचं, रंग मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतो, पापण्यांवर ठिपके पडतात, म्हणून निम्मे रंगारी छत आलं की कुरकुर करतात. आमचे हे खूश होतात. ह्यांच्या हातचं छत असेल तर खिडकीतून तिरपा उजेड पडला तरी ब्रशाची एक रेघ दिसत नाही. कुणाकडे पाहुणे म्हणून गेलो तरी हे आधी वर बघणार. यजमान नमस्कारासाठी हात जोडून उभे आणि हे छताकडे बघतायत. किती वेळा मी ह्यांना कोपराने ढोसलं असेल.

तर गेल्या वर्षी त्या मानेने असहकार पुकारला. आधी नुसती सकाळची आखडायची, मग दिवसभर. मागून हाक मारली की हे अख्खेच्या अख्खे वळायचे. डॉक्टरांनी तपासलं, फोटो काढला. मणक्यांची झीज आहे, म्हणाले, घाबरण्यासारखं नाही, गोळ्या घ्या, व्यायाम करा, हलक्या हाताचे उपचार करून बघायचे तर बघा. "पण काही महिन्यांत फरक पडला नाही, तर छताचं काम सोडावं लागेल. भिंती करा, दारं करा."

हे ठीक म्हणाले आणि घरी आले. त्यानंतर आम्ही एका बारशाला गेलो होतो. नव्या घराचा मोठा दिवाणखाना, वर चांगलं नक्षीचं छत, आणि ह्यांनी एकदाही वर पाहिलं नाही. छत सुटलं तर हा माणूस आतून मोडेल आणि वरून ठीक म्हणत राहील, हे मला तेव्हाच कळून चुकलं.

माझ्या नणंदेने मार्ग सुचवला. "वहिनी, दादाला त्या मणकेवाल्या ताईंकडे ने. कायरोप्रॅक्टर म्हणतात त्यांना. कडकड मोडतबिडत नाहीत, नुसते हलके हात लावतात. माझी कंबर बघ ना!" आणि स्वयंपाकघरात तिने गोल फिरून कंबर दाखवली. तिची कंबर मला आधीही तशीच दिसत होती, पण मी कौतुक केलं.

ताईंच्या दवाखान्याची बाहेरची खोली म्हणजे गप्पांचा अड्डाच. जो येतो तो आपलं बरं झालेलं सांगत बसतो. एका शिक्षिकेच्या पायातल्या मुंग्या कमी झाल्या होत्या. एका ड्रायव्हरला म्हणे आता आडवं झाल्या झाल्या झोप लागते. एक जाडेसे गृहस्थ शपथेवर सांगत होते की पाठ मोकळी झाल्यापासून त्यांची भूक वाढली. त्यांच्याकडे बघून ती कधी कमी असेल असं वाटत नव्हतं. आतून ताई बाहेर आल्या आणि हसून म्हणाल्या, "मी पाठ बघते हो. भुकेचं तुमचं तुम्हाला माहीत." मला त्या तेव्हाच आवडल्या. आमच्या मुलीच्याच वयाच्या, आखूड केस, बोलणं सावकाश.

ह्यांना मात्र पहिल्याच दिवशी फसवल्यासारखं वाटलं. मानेखाली दोन बोटं ठेवायची, थांबायचं, अगदी जरासं दाबायचं, परत थांबायचं. खांद्याच्या पात्यावर तळवा ठेवून त्या कितीतरी वेळ नुसत्या उभ्या. बाहेर पडल्यावर हे म्हणाले, "दाराला पॉलिश करताना मी ह्यापेक्षा जोर लावतो."

उपचार संपले की ताई विचारायच्या, "काका, कसं वाटतंय?"

"ठीक."

"काही फरक?"

"ठीक आहे."

मग मी पुढे सरसावायची. "फरक आहे हो ताई! काल बुटाची नाडी स्वतः बांधली. चेहराही बघा ना, केवढा मोकळा दिसतोय."

ताई माझ्याकडे बघून मान हलवायच्या आणि पुन्हा ह्यांच्याकडेच बघत राहायच्या. हे शर्टाची बटणं लावत राहायचे. असं आठवड्यामागून आठवडे चाललं.

शेवटी एक दिवस ताईंनी ह्यांना उठून बसवलं आणि स्वतः समोर स्टूल ओढून बसल्या. "काका, मला तुमच्याकडून एकदाही कळलेलं नाही की तुम्हाला बरं वाटतंय. उपयोग होत नसेल तर मी तुम्हाला उगाच बोलावणं बरोबर नाही. आपण थांबू या. डॉक्टरांना मी तसं कळवते. छताचं मग ते म्हणतील तसं."

माझा पारा चढला. "कोण म्हणतं उपयोग नाही? माझ्याइतकं ह्यांना कोण ओळखतं? आधी रात्रभर ह्या कुशीवरून त्या कुशीवर चालायचं. आता कसे लहान मुलासारखे शांत झोपतात!"

"झोपत नाही," हे म्हणाले.

"म्हणजे?"

"मी हललो की तू उठतेस. तुला सकाळी ड्युटी असते. म्हणून हलत नाही."

मी शेजारी घोरत असताना हा माणूस रात्र रात्र ओंडक्यासारखा पडून होता, आणि मी खिडकीत सगळ्यांना सांगत होते की ह्यांना आता छान झोप लागते. मला ह्यांचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी ह्यांना जवळ घ्यावंसं वाटलं. ताई समोर होत्या म्हणून दोन्ही राहिलं.

ताई शांतपणे म्हणाल्या, "काका, मग मी विचारते तेव्हा हे का नाही सांगत?"

"तुम्ही लगेच विचारता. आत्ता ओलं असतं."

ताईंना काही कळेना. मला कळलं आणि मी कपाळाला हात लावला. रंगाच्या धंद्यात ओल्या रंगावर मत देत नाहीत. घरमालक खाली उभा राहून विचारतो, जरा गडद वाटतोय का, डाग दिसतोय का, आणि रंगारी म्हणतो, ठीक आहे, सुकू दे. ओला असताना रंग वेगळाच दिसतो, त्यावर बोललं की पंचाईत होते. आमचे हे ताईंच्या पलंगावरून उठल्या उठल्या आपल्या मानेबद्दलही तेच धोरण ठेवून होते! सुकल्यावर विचारलं असतं तर सांगितलं असतं. विचारलं कुणी? ताई विचारायच्या ओल्यात, आणि मी तर विचारतच नव्हते, परस्पर सांगून टाकत होते.

मी हे ताईंना समजावलं. त्या खळखळून हसल्या. "बरं काका, मग तुमचं सुकतं कधी?"

हे विचारात पडले. "दुसऱ्या दिवशी. दुपारपर्यंत."

"उद्या दुपारी फोन करते. काकू, फोन त्यांच्याच हातात द्यायचा."

दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. मी टेबलाशी शेंगा सोलत बसले होते. फोन वाजला, हे खिडकीपाशी जाऊन उभे राहिले आणि बोलायला लागले. लग्न झाल्यापासून मी ह्यांना इतकं सलग बोलताना ऐकलं नव्हतं.

"हो, सांगतो. डोकं. दुपार झाली की उजव्या डोळ्याच्या वर ठणकायचं. ते आता रोज होत नाही... मान डावीकडे जाते. उजवीकडे टोकाला अडते अजून... झोप पहाटे लागते. आधी तीही लागत नव्हती... चिडचिड? होती ना. तोंडाने नाही. मनातल्या मनात बायकोवर ओरडायचो. ते कमी झालंय."

मी शेंग तशीच हातात धरून बसले.

"आणि हात. उजवा हात बधिर व्हायचा. ब्रश सुटायचा हातातून... हो, शिडीवर असताना... हल्ली झालं नाही तसं... नाही, कुणाला नाही सांगितलं. तिला सांगितलं तर तिच्या जिवाला घोर लागेल."

ताईंनी फोनवरच ह्यांना झापलं असावं, कारण हे दोनदा "चुकलं" म्हणाले. मग मी फोन घेतला. आधी डॉक्टरांना हाताचं सांगा, ते हो म्हणेपर्यंत मी मानेला हात लावणार नाही, आणि शिडी बंद, असं ताई म्हणाल्या. आम्ही त्याच दिवशी गेलो. डॉक्टरांनी पुन्हा सगळं तपासलं, व्यायाम बदलून दिले, आणि हलक्या हाताचं जे चाललंय ते चालू ठेवायला हरकत नाही म्हणाले.

पुढे ताईंचा दुपारचा फोन हा आमच्या घरातला रिवाजच झाला. हे बोलायचे, मी कान देऊन ऐकायची आणि तोंड मिटून ठेवायची, ज्याचा मला अभिमान आहे. हळूहळू झोप रात्रीवर आली. हात बधिर व्हायचा थांबला. आता तर कूस बदलताना मला लाथही बसते. कशाचा गुण, असं मी ताईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "व्यायाम, विश्रांती, माझा हात, कशाचा किती ते मलाही सांगता येणार नाही. काकांना बरं वाटतंय असं काका सांगतायत, तेवढं मला पुरे." दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत मात्र नणंद सगळं श्रेय स्वतःकडे घेत होती.

शेवटी डॉक्टरांनी छताला परवानगी दिली. शिडी नाही, बुटकी परांची बांधायची, अर्धं छत कामातल्या जोडीदाराने करायचं, मध्ये मध्ये मान खाली घेऊन बसायचं. आणि एक अट. दुखायला लागलं की त्याच दिवशी सांगायचं. "लपवलंत आणि हात पुन्हा बधिर झाला, तर छत कायमचं बंद," असं त्यांनी ह्यांच्या डोळ्यांत बघून सांगितलं. हे ठीक म्हणाले. त्या शब्दावर माझा विश्वास किती, ते तुम्ही ओळखलंच असेल. पहिल्या छताला हे निघाले तेव्हा खिडकीत बसून मी दोन बसचे फलाट चुकीचे सांगितले.

संध्याकाळी हे आले. चपला काढल्या, हातपाय धुतले. मी कपड्यांच्या घड्या घालत होते. प्रश्न जिभेवर आला होता, तो गिळला आणि उशीचा अभ्रा उगाच दोनदा घडी केला. हे समोरच्या खुर्चीत येऊन बसले. मग कुणी काही विचारलेलं नसताना म्हणाले,

"अगं, आज दुखतंय."

इतक्या वर्षांत हे वाक्य मी ह्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. नवऱ्याला दुखतंय म्हणून कुणा बाईला आनंद होतो का? मला झाला. डोळे भरून आले, नाक ओढावं लागलं. डॉक्टर, ताई, शेकायची पिशवी, मी म्हटलंच होतं, अशी डझनभर उत्तरं तोंडाशी येऊन उभी राहिली. मी एकही बाहेर पडू दिलं नाही. उठून ह्यांच्या मागे गेले.

"कुठे?"

ह्यांनी माझा हात धरला आणि मानेच्या खाली, उजव्या खांद्याजवळ नेऊन ठेवला. "इथे. फार नाही. दुपारनंतर सुरू झालं."

"मग?" मी म्हटलं, आणि हात तिथेच ठेवून पुढचं ऐकत उभी राहिले.