पत्त्याचं शेपूट

भिंतीवर माझं पाप हातभर अक्षरांत उमटलं होतं आणि पान काही केल्या उघडत नव्हतं.

कोल्हापुरातल्या हॉटेलचा हॉल, भिंतीवर प्रोजेक्टरचा झोत. आजऱ्याच्या काकींच्या काजू कारखान्याच्या वेबसाइटचं उद्घाटन. नवऱ्यामागं काकींनी एकटीनं कारखाना सांभाळला. समोर मुंबईचे एक निर्यातदार बसलेले. ते खूश झाले, तर काकींचा माल पहिल्यांदा परदेशी जाणार होता. शेजारी काकींचे दीर. "बाईमाणसाला झेपायचं न्हाय," हे त्यांचं पालुपद.

मी त्या काळी कोल्हापुरातला एकमेव वेब डिझायनर. म्हणजे माझ्या व्हिजिटिंग कार्डावर तरी तसं होतं.

आता थोडं तांत्रिक. वेबसाइटचा पत्ता म्हणजे घराचा पत्ता. तिरक्या रेघेपुढचं शेपूट सांगतं, घरातल्या कुठल्या खोलीत आहात. खोली म्हणजे फोल्डर. ब्राउझर बिचारा प्रामाणिक. वरच्या पट्टीत फोल्डरचं नाव जसंच्या तसं दाखवतो. आणि आमच्या ऑफिसात क्लायंटच्या फोल्डरांना नावं मी ठेवायचो. 'चिकट मामा', 'रडका डॉक्टर'. काकींनी एकच फोटो इतक्यांदा बदलायला लावला होता, की कॉम्प्युटरलाही घाम फुटला. म्हणून त्यांचं फोल्डर, इंग्रजी अक्षरांत, 'कटकट काकी'. साइट सर्व्हरवर चढवताना नाव बदलायचं राहिलं. रोज बघून मला ते दिसेनासंच झालं होतं.

नेट डायल-अपचं. पत्ता आधी येतो, पान मागनं. त्या दिवशी पान इतकं मागं राहिलं, की तेवढ्यात काजूचं रोप लावलं असतं तर बोंडं धरली असती. पांढऱ्या भिंतीवर वाचायला तेवढंच.

दिरांनी वाचलं. "कट-कट का-की! वैनी, साऱ्या जगात नाव झालं की तुमचं!"

हॉल हसला. काकी माझ्याकडं वळल्या. "काय लिवलंय रं ते?"

"सर्व्हरची भाषा असते, काकी. टेक्निकल."

"सर्व्हर मराठीत बोलतोय व्हय?"

माझ्या कानांवर पापड भाजले असते. "मीच ठेवलंय," खाली बघून म्हणालो.

काकी निर्यातदारांना म्हणाल्या, "पावणं, खरं हाय ते. मी कटकटीच. अख्ख्या काजूगरांत एक तुकडा घावला, तर सगळं पोतं परत निवडाय लावती. ह्याला फोटो का बदलाय लावला? त्यात एक गर फुटका हुता. ह्याला शेवटपर्यंत दिसला न्हाय."

तेवढ्यात पान उघडलं. निर्यातदार भिंतीजवळ गेले, फोटोतला गर न् गर निरखला आणि म्हणाले, "सॅम्पल पाठवा." दीर चहाच्या टेबलाकडं सरकले. मला तर जमिनीखाली सरकायचं होतं.

नंतर काकींना गाठलं. "नाव आत्ता बदलतो. दोन मिनिटांचं काम."

"आणि पाकिटं?"

काजूच्या पाकिटांवर छापायचा वेबसाइटचा पत्ता मीच ब्राउझरच्या पट्टीतून उचलून छापखान्याला पाठवला होता. न वाचता. 'कटकट काकी'सकट ट्रकभर पाकिटं छापून आली होती; आता नाव बदललं, तर त्यांवरचा पत्ता उघडलाच नसता.

"ऱ्हाऊ दे," काकी म्हणाल्या. "तुला दिसू दे."

हल्ली मोबाइलवरचे ब्राउझर नुसतं मुख्य नाव दाखवतात, शेपूट झाकतात. माझ्यासारख्यांचीच अब्रू राखायला ही सोय निघाली असणार. तरी फोल्डरला नाव देताना ते भिंतीवर हातभर दिसणार, असं धरूनच द्यावं.

ऑर्डर मिळाली. त्यानंतर दर दिवाळीला काकींचं पाकीट यायचं. आत गर अख्खे. मागं पत्ता, तोही अख्खा.