खड्ड्यालाही नियम

नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात सतरा वर्षं मोजणी करणाऱ्या बाईंना गाव टेपबाई म्हणायचं. आई-वडील गेल्यावर धाकट्या भावाला त्यांनीच वाढवलं. तो आता पोकलेन चालवायचा. बहीण, भाऊ आणि भावजय एकाच घरात राहत, पण जेवताना कामाचा विषय काढायचा नाही असं ठरलेलं होतं. कारण भाऊ ज्या खडीवाल्याकडे कामाला होता, त्यालाच टेपबाई वर्षातून दोनदा नोटीस द्यायच्या.

या खडीवाल्यानं एका शिंप्याच्या घराला लागून असलेल्या आपल्या जागेत मुरूम काढायला घेतला. खड्डा दोन पुरुष खोल गेला तरी तो थांबेना. शिंप्याच्या मागच्या भिंतीला पायापासून खिडकीपर्यंत बोट जाईल एवढी भेग पडली.

टेपबाई काम थांबवायची नोटीस घेऊन भर दुपारी तिथं गेल्या. खडीवाल्याचं म्हणणं असं, की पालिकेचे नियम बांधकामासाठी आहेत आणि तो तर एक वीटही रचत नाहीये. स्वतःच्या जमिनीत भोक पाडायला परवानगी कसली? टेपबाईंनी नियमांचं पुस्तक काढून पहिलंच पान वाचलं.

"हद्दीतल्या कुठल्याही जमिनीवर बांधणं, पाडणं, खणणं, भर घालणं, वापर बदलणं, या सगळ्याला हे नियम लागू. यात खणणं तिसरं आहे."

त्यानं पुस्तक हिसकावून खड्ड्यात भिरकावलं आणि त्यांच्याच हातातली लोखंडी मोजपट्टी घेऊन मारायला लागला. पहिला फटका खांद्यावर बसला, दुसरा कानावर. तिसरा अडवायला त्यांनी डावा हात वर केला, तेव्हा मनगट मोडल्याचा आवाज त्यांना ऐकू आला. त्या पडल्यावर त्यानं लाथा घातल्या. खाली पोकलेनच्या केबिनमध्ये भाऊ बसला होता. टेपबाईंनी त्याच्याकडे बघितलं, त्यानंही बघितलं. मग त्यानं मान फिरवली आणि बकेट पुन्हा मातीत घातली.

संध्याकाळी भावजयीनं त्याला दवाखान्यात खाटेपाशी आणून उभं केलं.

"उतरला का नाहीस?"

"उतरलो असतो तर काम गेलं असतं, ताई."

टेपबाईंनी भिंतीकडे तोंड केलं.

खडीवाल्याला तिसऱ्या दिवशी जामीन मिळाला. त्याच्या वकिलानं पालिकेत अर्ज टाकला, की खड्डा म्हणजे बांधकाम नव्हे, तेव्हा पालिकेला यात बोलायचा अधिकारच नाही. मोठ्या साहेबांनी पंधरा दिवसांनंतरची सुनावणी लावली आणि तोवर नोटीस बाजूला ठेवली. खणणं चालूच राहिलं.

आठव्या दिवशी सकाळी टेपबाई हात गळ्यात बांधून शिंप्याकडे गेल्या. भेगेत आता अख्खा पंजा जात होता. त्यांनी ताबडतोब घर सोडायला सांगितलं. शिंपी म्हणाला, गिऱ्हाइकांचे कपडे अंगावर पडलेत, जाऊ कुठे? शिवाय तुमच्या नोटिशीचं काय झालं ते आम्ही पाहिलंच की.

टेपबाईंनी वाद घातला नाही. एका हातानं कपड्यांचे गठ्ठे उचलून रस्त्यात फेकले, इस्त्री फेकली, शिलाई मशीन लाथ घालून पायऱ्यांवरून लोटलं. शिंप्यानं त्यांच्या थोबाडीत मारली. त्यांनी त्याच्या बायकोचा दंड पकडला आणि तिला फरफटत उंबऱ्याबाहेर काढलं. शिंपी कात्री घेऊन मागे धावला. तिघं रस्त्यात झोंबत असतानाच मागची भिंत खड्ड्यात गेली. तिच्या मागोमाग छप्पर गेलं.

खाली भाऊ होता. दगडांनी केबिन चेपली होती आणि त्याचा उजवा पाय लोखंडात सापडून चेंदामेंदा झाला होता. टेपबाई एका हाताच्या नखांनी माती उपसत होत्या. तो आवाज बसेपर्यंत ओरडला. पत्रा कापून त्याला काढलं आणि दुपारी डॉक्टरांनी गुडघ्याखालचा पाय कापला.

त्याला काढत असतानाच खडीवाला पळून जायला गाडीत बसला. मजुरांनी काच फोडून त्याला बाहेर ओढलं आणि फावड्याच्या दांड्यांनी झोडपलं. तुम्ही सरकारी माणूस, तुम्ही तरी आवरा, असं कोणीतरी टेपबाईंना सांगितलं. त्या भावाचं डोकं मांडीवर धरून बसून राहिल्या. पोलीस आले तोवर खडीवाल्याचा जबडा आणि दोन्ही गुडघे मोडले होते.

"थांबवता आलं असतं," त्यांनी नंतर जबाबात सांगितलं. "मी थांबवलं नाही. तसंच लिहा."

सुनावणीत मोठ्या साहेबांनी तेच पहिलं पान वाचलं आणि खणणं नियमांत येतं असा निकाल दिला. तेव्हा शिंप्याच्या घराचा फक्त पुढचा दरवाजा उभा होता. पुढे कोर्टात खडीवाल्याला चार वर्षांची शिक्षा झाली. शिंप्यानं मशीन मोडल्याची आणि बायकोला ओढल्याची तक्रार केली, म्हणून टेपबाईंना तीन महिने निलंबित केलं. खोटं काही नव्हतं त्यात, असं त्या म्हणाल्या आणि सही करून घरी बसल्या.

घरी भावाची जखम त्याच धुवायच्या. तो दात-ओठ खाऊन शिव्या द्यायचा, त्या मुकाट्यानं पट्टी बदलायच्या. एक दिवस त्यानं तांब्या फेकून मारला, कपाळावर खोक पडली. टेपबाईंनी खाडकन त्याच्या कानाखाली वाजवली. तो लहान मुलासारखा हमसून हमसून रडला. भावजय दारातच थबकली, आत आली नाही.

"उतरायला हवं होतं मी," तो म्हणाला.

"हो," त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून दोघं पुन्हा बोलू लागले, आणि जेवताना कामाचा विषयही निघायला लागला.