पाचशेवीसचे सव्वाचारशे

वर्लिन स्टकी सकाळी दुकानाचं शटर उचलायचा तेव्हा शटरच्या आधी त्याचे गुडघे कुरकुरायचे. अमेरिकेतल्या मन्सी गावाबाहेर, मक्याच्या शेतांना लागून त्याची पत्र्याची शेड. आत एक लेथ, एक वेल्डिंगचं यंत्र आणि भिंतीशी रचलेले टॉर्क कन्व्हर्टर. वय एकसष्ट. त्यातली एकतीस वर्षं हे गोल लोखंडी डबे कापण्यात आणि पुन्हा जोडण्यात गेली होती, आणि आता त्याला त्यांचा मनापासून वीट आला होता. सोडून द्यावं म्हटलं, तर दुसरं काही येत नव्हतं.

ऑटोमॅटिक गाडीत क्लचचं पेडल नसतं. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये हा डबा बसतो. त्यात तेल, आणि समोरासमोर पात्यांचे दोन पंखे. इंजिन एक पंखा फिरवतं, त्याच्या तेलाच्या माऱ्याने दुसरा फिरतो आणि गाडी हलते. रस्त्यावरच्या गाडीला कंपनीने बसवलेला डबा पुरतो. शर्यतीच्या गाडीचं मात्र इंजिन आधी भरधाव फिरायला हवं आणि मग गाडीने झेप घ्यायला हवी. त्यासाठी पाती वाकवून डबा ढिला करावा लागतो. किती ढिला, यातच सगळी विद्या. कमी झाला तर गाडी सुटताना गुदमरते. जास्त झाला तर इंजिन नुसतं बोंबलतं, गाडी रेंगाळते आणि तेल जळून जातं.

म्हणून वर्लिन गिऱ्हाइकाला अकरा प्रश्न विचारायचा. गाडीचं वजन किती, मागच्या चाकांचा गिअर कुठला, चाकं केवढी, इंजिनाची ताकद किती. आणि लोक थापा मारायचे. एरवी चर्चमध्ये पहिल्या रांगेत बसणारी सज्जन माणसंसुद्धा हॉर्सपॉवर सांगताना लाज सोडायची. फोनवर इंजिनं फुगायची आणि गाड्या वाळायच्या. सुरुवातीला वर्लिनने त्यांच्यावर विश्वास ठेवला आणि डबे चुकले. मग तो शहाणा झाला. पाचशे म्हटलं की चारशे धरायचं आणि डबा चारशेच्या हिशेबाने बनवायचा. डबा बरोबर चालायचा, गिऱ्हाईक आपल्या पाचशेच्या गुर्मीत खूश. असं एकतीस वर्षं चाललं. माझ्या चुकीने एकही डबा परत आला नाही, असं तो सांगायचा. परत आले होते, पण दरवेळी दोष दुसऱ्याच्या गळ्यात घालता आला होता.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी, दुपारी एकच्या सुमाराला, आर्डिथ केसिंजर दुधाच्या क्रेटमध्ये डबा घालून आत आली. त्रेसष्ट वर्षांची, ठेंगणी, खांदे रुंद. शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करण्यात तिचा जन्म गेला होता आणि सुट्टीच्या दिवशी स्वतः बांधलेली जुनी स्टेशन वॅगन ती शर्यतीत पळवायची. डबा ऑगस्टमध्ये वर्लिननेच बनवून दिला होता. वर्लिन तेव्हा तळलेल्या पोर्कचं सँडविच खात होता. पावापेक्षा मांसाचा तुकडा दुप्पट मोठा. सँडविच त्याने कागदात गुंडाळून ठेवलं.

"खा की," ती म्हणाली. "मला घाई नाही. म्हणजे आहे, तीनपर्यंत."

"तीनला काय आहे?"

"वॅगन बघायला माणूस येतोय. घेणार म्हणतोय." तिने क्रेट बाकावर आदळली. "ऐकलंस ना माझं काय झालं ते?"

त्याने ऐकलं होतं. सगळ्या गावाने ऐकलं होतं. वर्षभराच्या गुणांत आर्डिथ पहिली होती. शेवटच्या दिवसासाठी तिने हा नवा डबा पहिल्यांदाच बसवला होता. त्या दिवशी एक फेरी जिंकली असती तरी अजिंक्यपद तिचं होतं. दिवा हिरवा झाला, इंजिन किंचाळलं आणि वॅगन म्हशीसारखी चालत राहिली. शेवटाला पोचेपर्यंत खालून जळक्या तेलाचा धूर येत होता.

"मला वाटतं, मीच नीट बसवला नाही," ती म्हणाली. "हा आत सरकवताना तीन खटके लागायला हवेत. दोन नक्की लागले. तिसरा ऐकल्याचं आठवत नाही. माझे कान गेलेत, वर्लिन. डब्याच्या गळ्यावरच्या खाचा झिजल्यात का तेही मला धड दिसत नाही. तू बघ. कापून बघ. माझी चूक असली तर वॅगन देऊन टाकते. ज्या बाईला खटके मोजता येत नाहीत तिने गाडीखाली शिरू नये."

"आणि नसली तर?"

"नसली तर नाही देत."

वर्लिनने डबा उचलून दिव्याखाली धरला. पूर्ण आत न सरकवता बोल्ट आवळले की गळ्याच्या खाचा कुरतडल्यासारख्या होतात. या खाचा कोऱ्या होत्या. तिसरा खटका लागला होता, तिला ऐकू आला नसेल एवढंच.

तरी त्याने डबा लेथवर चढवला. जोड कापला गेला, झाकण सुटलं, काळं तेल परातीत सांडलं आणि शेडभर करपट वास पसरला. आतली पाती त्याच्याच हातची होती. फारच वाकवलेली. दुबळ्या इंजिनासाठी वाकवतात तशी.

तो कपाटाशी गेला आणि तिचा ऑगस्टमधला कागद काढला. तिने नीट अक्षरात लिहिलं होतं, पाचशेवीस. शेजारी त्याच्या पेन्सिलीने सव्वाचारशे. मागे टाचणीने लावलेला इंजिन चाचणीचा कागद होता, यंत्राने छापलेला. त्यावरही पाचशेवीसच होते. तो कागद त्याने तेव्हा वाचलाच नव्हता. असे कागद सगळेच दाखवतात, असं म्हणून उलटून ठेवला होता. त्या दिवशी सकाळपासून नऊ फोन झाले होते, नऊ जण खोटं बोलले होते, आणि दहाव्या गिऱ्हाइकाचं खरं ऐकायला त्याच्यात काही उरलं नव्हतं.

त्याला स्वतःची लाज वाटली. आणि त्याच वेळी हेही सुचलं की काहीच बोलायची गरज नाही. नुसतं, हो गं, खटका राहिला, एवढं म्हटलं की झालं. ती मानणारच होती. मानून बसलीच होती. डबा भंगारात जाईल, वॅगन गावाबाहेर जाईल, आणि एकतीस वर्षांचं नाव होतं तिथंच राहील.

"काय रे? एवढा वेळ काय वाचतोयस?" आर्डिथने विचारलं.

"खाचा चांगल्या आहेत," तो म्हणाला. "तू बरोबर बसवला होतास."

"मग?"

"तू पाचशेवीस सांगितलंस. मी सव्वाचारशे धरले."

"का?"

"सगळे वाढवून सांगतात म्हणून."

"मी वाढवून सांगितलं नव्हतं."

"माहीत आहे आता. कागद लावला होतास. मी बघितला नाही. दुबळ्या इंजिनाचा डबा तुझ्या इंजिनापुढे टिकला नाही, नुसता घसरत राहिला. शर्यत माझ्यामुळे गेली, आर्डिथ. तुझ्या हातांचं काही चुकलं नाही."

आता ती शिव्या घालेल, असं त्याला वाटलं. घातल्या असत्या तर बरंच वाटलं असतं. पण ती बाजूच्या उलट्या बादलीवर बसली आणि बूट पुढे पसरून त्यांच्याकडे बघत राहिली. बाहेर मका कापणारं यंत्र शेताच्या टोकाला वळलं आणि पुन्हा जवळ यायला लागलं.

"तीन आठवडे मी बसचा एकेक बोल्ट दोनदा तपासतेय," ती म्हणाली. "म्हटलं, शर्यत गेली ती गेली, पोरं बसतात त्यात."

"चुकलो मी."

"हो, चुकलास. पण खरं सांगू? येताना मी देवाला म्हणत होते, माझीच चूक निघू दे."

वर्लिनला वाटलं, आपल्यालाच नीट ऐकू आलं नाही.

"सव्वीस वर्षं झाली त्या गाडीला," ती म्हणाली. "थंडीत सिमेंटवर पाठ टेकून पडते ना, तेव्हा उठताना कुणाला तरी हाक मारावीशी वाटते. घरात कुणी नाही. दरवर्षी म्हणते, पुरे. पण उगाच सोडून देणारी बाई मी नाही. कारण लागतं मला. या वर्षी सापडलं होतं. चांगलं, रास्त कारण."

"मी गप्प बसायला हवं होतं," तो म्हणाला, आणि हे बोलल्यावर त्याला आणखीच थकल्यासारखं झालं.

"आणि मला ते कधी कळलं असतं, तर मी पुन्हा तुझं तोंड पाहिलं नसतं."

तिने कोटातून फोन काढला, डोळ्यांपासून लांब धरून नंबर शोधला आणि त्या माणसाला सांगितलं की येऊ नकोस, गाडी विकायची नाही. त्याने कारण विचारलं असावं. "गाडीला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "मलाही नाही."

फोन ठेवून तिने वर्लिनपुढे हात केला. त्याने तिला ओढून उभं केलं. दोघांचे गुडघे वाजले, आणि दोघांनीही ते न ऐकल्यासारखं केलं.